नाव, गोत्र आणि आठवण

भाद्रपदातील पौर्णिमा सरली, की गणेशोत्सवाचा गलबला ओसरतो आणि घराघरांतून एक निराळीच शांतता पसरू लागते. वद्य पक्ष सुरू होतो. हाच आपला पितृपंधरवडा. शास्त्रकारांनी त्याला महालय असे नाव दिले आहे. या दिवसांत मंगलकार्ये थांबतात, नव्या वस्तूंची खरेदी लांबणीवर पडते आणि आपल्या पाठीमागे कोण कोण उभे होते, याचा हिशेब माणूस मनाशी मांडू लागतो.

श्राद्धाच्या दिवशी यजमान बोटात दर्भाचे पवित्रक घालून बसला, की गुरुजी त्याला तीन गोष्टी विचारतात : नाव, गोत्र आणि नाते. पिता, पितामह, प्रपितामह अशी चढती पायरी. स्मृतिग्रंथांनी पित्याला वसुरूप, पितामहाला रुद्ररूप आणि प्रपितामहाला आदित्यरूप मानले आहे. पिंडाचा साक्षात भाग या तिघांचा. त्यांच्या मागील तीन पिढ्या लेपभागी, म्हणजे पिंड देताना हाताला चिकटून राहिलेल्या अन्नाच्या अधिकारी. श्राद्धकर्ता स्वतः सातवा. मनुष्य गेल्यावर बाराव्या दिवशी सपिंडीकरण होते. त्याचा पिंड आधीच्या तिघांच्या पिंडांत मिळविला जातो आणि सर्वांत वरचा पूर्वज एक पायरी वर सरकतो.

या तीन पिढ्यांच्या मोजणीत व्यवहाराचेही मोठे शहाणपण आहे. दीर्घायुष्य लाभलेला मनुष्य आपल्या आजोबांना पाहतो. भाग्य थोर असेल तर पणजोबांनाही पाहतो. त्यापलीकडे डोळ्यांची धाव नाही. शास्त्राने नावे जेथवर घ्यावयास सांगितली, जवळजवळ तेथवरच आपली आठवणही पोचते. नाव, गोत्र आणि तिथी ही संस्काराच्या स्वाधीन असतात, म्हणून टिकतात. चेहरा, आवाज, हाताची चव, सोसलेले दुःख ही मात्र ज्याने पाहिली त्याच्याच स्वाधीन राहतात. तो गेला की तीही जातात. आमच्या घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची हकिकत सांगावीशी वाटते ती याचसाठी.

घरातील सर्वांत जुने माणूस

वाईला कृष्णाकाठी आमचे जुने घर होते. त्या घरात माझ्या आजोबांची थोरली बहीण राहत असे. आजोबा तिला आक्का म्हणत, म्हणून आम्ही नातवंडेही आक्काच म्हणत असू. माझे वडील तेवढे तिला आत्या म्हणत. मी १९५२ साली जन्मलो, तेव्हा तिने पासष्टी ओलांडली होती. १९६८ च्या श्रावणात ती गेली, तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची होती. माझ्या आयुष्यातील पहिली सोळा वर्षे ती माझ्या डोळ्यांसमोर होती.

तांबडे आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, हाती स्मरणी. नवव्या वर्षी लग्न झाले आणि बाराव्या वर्षी वैधव्य आले. सासर पुण्याचे. तेथे प्लेगची साथ आली आणि ज्या मुलाशी तिचे लग्न झाले होते, तो तीन दिवसांच्या तापात गेला. पुढे तिच्या वाट्याला जे आले, ते त्या काळी तशा असंख्य मुलींच्या वाट्याला येत असे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्यास नेला. पण ते वारे आमच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत पोचले नाही. केशवपन करून मुलगी माहेरी आणली गेली आणि एकाहत्तर वर्षे त्याच घरात राहिली. ही रूढी निर्दय होती, यात शंका नाही. आक्काने तिच्याविषयी कधी तक्रार केली नाही, आणि तिचे कधी समर्थनही केले नाही.

आजोबा तिच्याहून पाच वर्षांनी धाकटे. शाळेतून आल्यावर ते आपल्या पाटीवर तिच्याकडून अक्षरे गिरवून घेत. त्या शिदोरीवर ती पुढे हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत या पोथ्या वाचू लागली. चातुर्मासात तिसऱ्या प्रहरी ओसरीवर तिचे वाचन असे आणि आळीतील बायका ऐकावयास येत. भाऊबीजेला ती भावाला ओवाळीत नसे. त्या काळच्या रीतीत ते बसत नव्हते. पण त्या दिवशी सकाळी स्नान करून आजोबा पहिल्याने तिच्या पायांवर डोके ठेवीत. वयाची सत्तरी आली तरी त्यांनी हा नेम मोडला नाही. आम्हां मुलांना तेव्हा त्यात विशेष काही वाटत नसे. ओवाळणी न घेताही भाऊबीज कशी पाळता येते, हे त्यातून कळावयास बराच काळ जावा लागला.

तिथी राहते, साल जाते

जुन्या माणसांची कालगणना आपल्यासारखी नव्हती. इसवी सन आक्काला ठाऊक नव्हता. एखादी गोष्ट केव्हा घडली असे विचारले, की ती म्हणे, "पहिल्या प्लेगात," किंवा "मानमोडीच्या साली," किंवा "तुझा बाप रांगत होता तेव्हा." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ.

फाल्गुन वद्यात एक दिवस ती दिवसभर मौन पाळी. तो तिच्या पतीच्या निधनाचा दिवस, इतके घरात सर्वांना ठाऊक होते. साल कोणाला ठाऊक नव्हते. श्राद्धाला तिथी लागते, साल लागत नाही. म्हणून घराण्याच्या स्मरणात तिथी राहते आणि साल निसटते. पुष्कळ घरांतून हीच स्थिती आढळेल. पणजोबांची तिथी घरातील लहान मुलालाही सांगता येते; ते कोणत्या साली गेले, असे विचारले तर सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

आमच्या घरी ते साल पुन्हा सापडले, ते आक्काच्या एका वाक्यावरून. ती एकदा सहज म्हणाली, की ते गेले त्या फाल्गुनानंतर चार महिन्यांच्या आत गणेशखिंडीत साहेबावर गोळी झाडली गेली. रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली, ती २२ जून १८९७ च्या रात्री. तेव्हा तो फाल्गुन शके १८१८ चा, म्हणजे १८९७ च्या आरंभीचा. वडिलांनी त्याच दिवशी हे पंचांगाच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवले. शाळेच्या पुस्तकातील इतिहास आणि स्वयंपाकघराच्या दाराशी वाती वळीत बसलेली म्हातारी ही एकमेकांना इतकी जवळची असू शकतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

अविधवा नवमी

आक्काच्या आयुष्यातील खरे काम १९१८ साली सुरू झाले. त्या वर्षीच्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि नेली ती बहुतेक ऐन तारुण्यातील. आमच्या घरातून माझी आजी गेली. आश्विनाचे दिवस होते. माझे वडील त्या वेळी दोन वर्षांचे. आक्काने त्यांना उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि त्यानंतर त्यांना आईची उणीव भासू दिली नाही. आजोबांनी दुसरे लग्न केले नाही.

सौभाग्यवती स्थितीत गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध महालयात वद्य नवमीस करतात. तीच अविधवा नवमी. त्या दिवशी सवाष्ण जेवू घालून तिची ओटी भरण्याची आपल्याकडे चाल आहे. वडील कळत्या वयाचे झाल्यापासून दरवर्षी हे श्राद्ध करीत. पण ज्या आईच्या नावाने ते पिंड देत, तिचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर येत नसे. तिचे छायाचित्र घरात नव्हते.

यावर आक्काने आपल्या परीने उपाय काढला. दरवर्षी अविधवा नवमीला, ब्राह्मण आणि सवाष्ण जेवून गेल्यावर, ती वडिलांना जवळ बसवी आणि त्यांच्या आईची एक गोष्ट सांगे. एक वर्षी एकच. ती डावऱ्या हाताने रांगोळी काढीत असे. तिला आंबट आवडे आणि आमसुलाची चटणी ती पाट्याशी उभ्या उभ्याच चाखून पाही. तिला अंधाराची भीती वाटे, म्हणून परसात जाताना ती मोठ्याने रामरक्षा म्हणत जाई. शेवटच्या तापात तिने मुलाला जवळ आणू दिले नाही. दुरूनच दाखवा, म्हणाली. ही शेवटची गोष्ट आक्काने फार उशिरा सांगितली. वडील तेव्हा चाळिशीचे झाले होते.

ज्या मुलाने आई पाहिली नाही, त्याला पन्नास नवम्यांतून आई अशी थोडी थोडी मिळत गेली. श्राद्ध या शब्दाच्या मुळाशी श्रद्धा आहे, हे आपण ऐकतो. श्रद्धेला धरावयास काही रूप लागते, आणि ते रूप ज्याने पाहिले त्यानेच द्यावे लागते, हे आक्काला पोथी न उघडता कळले होते.

एका उन्हाळ्याची ओळख

आक्काजवळ मी सोळा वर्षे होतो. दुसऱ्या एका वृद्धाजवळ मात्र जेमतेम पंधरा दिवस. ते माझ्या आईचे आजोबा. राजापूरजवळच्या एका वाडीत राहत. १९५८ च्या उन्हाळ्यात आई मला तेथे घेऊन गेली. त्यांनी नव्वदी ओलांडली होती आणि दृष्टी गेली होती. त्यांनी माझ्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून हात फिरवला आणि विचारले, "कुणाचा रे तू?" मी वडिलांचे नाव सांगितले. ते म्हणाले, "ते झाले. आता आईकडून सांग." आईचे नाव, आजीचे नाव आणि मग त्यांचे स्वतःचे, अशी तीन नावे त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतली. रोज सकाळी ती म्हणून दाखविल्यावाचून ते आंब्याची फोड हातावर ठेवीत नसत.

नया पैसा चलनात येऊन तेव्हा एक वर्ष झाले होते. त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. हिशेब आणे-पैचाच चाले. जेवणापूर्वी ते पानातील थोडा भात काढून बाजूला ठेवीत. चित्राहुती वेगळी, हा भात वेगळा. आई पुढे त्याचे कारण सांगे. १८७६ साली देशावर दुष्काळ पडला, तेव्हा भुकेली माणसे घाट उतरून कोकणात आली. हे तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. अंगणात आलेल्या एका माणसाला द्यावयास घरात त्या वेळी शिजलेले काही नव्हते, आणि तो तसाच पुढे गेला. त्या दिवसापासून त्यांच्या पानात कोणा एकाचा वाटा निराळा राहू लागला, तो अखेरपर्यंत. ते १९६० साली गेले.

माझ्या चेहऱ्यावरून फिरलेला तो हात त्या दुष्काळाच्या अंगणातून आलेला होता. महालयात मातामहत्रयीची नावे घेताना दुसरे नाव त्यांचे येते. आजोळच्या पितरांचे स्मरण करण्याची आपल्याकडे आणखीही एक सोय आहे. ज्या नातवाचे वडील हयात आहेत, तो आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्या दिवशी, आपल्या दिवंगत मातामहाचे श्राद्ध करतो. मुलीकडून जाणारी आठवणही धर्माने सोडून दिलेली नाही.

दहाव्या दिवसाचे वचन

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. वाईलाही घरे हादरली. घरात त्या वेळी एकटी आक्का जागी होती. तिच्या जपाची ती वेळ. आम्ही घाबरून अंगणात धावलो, तेव्हा ती देवघरातून समई हाती घेऊन सावकाश बाहेर आली. ती कलंडून आग लागू नये, म्हणून तिने आधी ती उचलली होती. पुढच्याच श्रावणात तिने अंथरूण धरले आणि चार दिवसांत ती गेली.

दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, खाली उतरेनात. अशा वेळी घरची माणसे गेलेल्याच्या मनात काय राहिले असेल याचा विचार करतात आणि एकेक वचन देतात. तुळशीला पाणी घालू. पोथ्या जपून ठेवू. काही होईना. अखेर वडील पुढे झाले. ते म्हणाले, "आत्या, तुला मूलबाळ नाही, पण तुझे नाव मी घेईन. माझ्यामागेही ते या घरात राहील." थोड्या वेळाने कावळा उतरला. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. मला वडिलांचा त्या वेळचा स्वर आठवतो.

त्यांनी वचन पाळले. महालयाचा संकल्प फार विशाल आहे. वडिलांकडील आणि आईकडील त्रयींनंतर त्यात पत्नी, पुत्र, कन्या, चुलते, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरे, गुरू, शिष्य, आप्त अशी सर्वांची नावे येतात. आत्या म्हणून आक्काचे नाव वडिलांच्या यादीत होतेच. विवाहित स्त्रीला पतीचे गोत्र, म्हणून तिचे नाव त्या गोत्राने घेतले जाई. ज्या घरात ती तीन वर्षेही धड नांदली नाही, त्या घराचे गोत्र. ते उच्चारताना वडील क्षणभर थांबत.

१९९४ साली वडील गेले. अस्थी घेऊन मी नाशिकला रामकुंडावर गेलो. तीर्थोपाध्यायांनी घराण्याची वही काढली. या वह्यांतून यात्रेकरूंची नावे, गावे, कुळाचा विस्तार पिढ्यानुपिढ्या नोंदलेला असतो. त्यात १९३४ सालची आजोबांच्या हातची मोडीतील नोंद निघाली. उपाध्यायांनी ती वाचून दाखविली. बरोबर आलेल्या माणसांत वडील बहीण म्हणून गं. भा. आक्काचे नाव होते, आणि त्यापुढे आजोबांनी तिचे माहेरचे, लग्नापूर्वीचे नावही लिहिले होते. ते नाव मी जन्मात प्रथमच ऐकले. नोंदीखाली माझी सही करण्यापूर्वी मी ते उतरून घेतले.

आता महालय माझ्याकडे आहे. संकल्पातील आत्या म्हणजे कर्त्याची स्वतःची आत्या. आक्का माझ्या वडिलांची आत्या. नात्यांच्या त्या यादीतून ती आता पुढे सरकली आहे. शेवटच्या आप्त या शब्दाशी गुरुजी थांबतात, तेव्हा मी तिचे नाव घेतो. माझ्या मुलांनी तिला पाहिलेले नाही. त्यांना तिचे नाव माहीत आहे. पण नावामागची समई, पाटी, भाऊबीजेची सकाळ आणि अविधवा नवमीच्या त्या गोष्टी त्यांना माझ्याकडूनच मिळणार. म्हणून आमच्या घरी आता नवमीला जेवणे झाल्यावर एक गोष्ट सांगितली जाते. एक वर्षी एकच.

या पंधरवड्यात एवढे करावे

प्रत्येक घरात असे एखादे माणूस असते, ज्याने लहानपणी घराण्यातील सर्वांत जुना हात धरलेला असतो. बहुधा ती आजी असते, आणि बहुधा तिला कोणी काही विचारलेले नसते. यंदाच्या पंधरवड्यात, पितरांची पाने वाढून झाल्यावर, तिच्याजवळ बसावे. आजचे कौतुक किंवा कालचे गाऱ्हाणे न काढता नेमके विचारावे : तू पाहिलेले सर्वांत म्हातारे माणूस कोणते? ते काय नेसत असे? तुला काय म्हणून हाक मारी? कशाला भीत असे? घरातल्या सुनांची माहेरची नावे काय होती? कोण कोणत्या साथीत, कोणत्या पुरात, कोणाच्या लग्नाआधी गेले? साल सांगता आले नाही, तरी खूण सांगता येईल, आणि खुणेवरून साल निघते.

सांगितलेले लिहून ठेवावे. त्यासाठी मोठा ग्रंथ नको. शंभर पानी वही पुरे. ती देवघरात पंचांगाशेजारी ठेवावी, म्हणजे दरवर्षी तिथी पाहताना हाताशी येईल. ज्यांना पुत्र नव्हते, ज्या माहेरी परत आल्या, ज्या बाळंतपणात गेल्या, जी मुले नाव ठेवण्यापूर्वी गेली, त्यांच्यासाठी पहिली पाने राखावीत. इतरांची नावे संकल्पात ठरलेल्या जागी येतातच. यांची जागा घरच्या माणसांनी करावी लागते.

सर्वपित्री अमावास्येला ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांचेही श्राद्ध होते. शास्त्राने कोणालाच उपाशी ठेवलेले नाही. त्या दिवशी तिलांजली देऊन झाल्यावर वहीतील एक पान घरातील लहान मुलाकडून मोठ्याने वाचवून घ्यावे, आणि त्याला एखादे नाव समजले नाही, तर ते कोणाचे, हे जेवणापूर्वी सांगून टाकावे.